सृष्टीच्या टाकीचा पंप

४ फेब्रुवारी, बुधवार

सृष्टी काल संध्याकाळच्या गाडीने रिसोडला गेली. आई आजारी आहे असा भावाचा फोन आला होता. आठ दिवसांत येते म्हणाली. तरुण मुलींचे आठ दिवस म्हणजे पंधरा, असं मी धरून चालले आहे.

ती गेली आणि टाकी राहिली. दीड वर्षापूर्वी ही मुलगी खोली बघायला आली तेव्हा मी सांगितलं होतं, पाळीव प्राणी चालणार नाहीत. "मासे चालतील का?" म्हणाली. मी म्हटलं, भुंकत नसतील तर चालतील. मला वाटलं, बरणीत एखादा मासा असेल. आला तो दोन फुटी समुद्र. खारं पाणी, वाळू, दगड, निळा दिवा, नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणि दगडांना चिकटलेली मऊ प्रवाळं. ही झाडं नाहीत, प्राणी आहेत, हे तिने मला अनेकदा समजावलं आहे. त्यांना नावंही ठेवली आहेत. मोठं अळंबीसारखं आहे ती 'छत्री'. सारख्या मुठी उघडमीट करत असतात ते 'टाळ्यावाले'.

मला दिलेली कामं थोडी आहेत. चिमूटभर खाणं घालायचं. पाणी कमी झालं की फिल्टरचं गोडं पाणी खुणेपर्यंत भरायचं, कारण उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं. बाकी कशाला हात लावायचा नाही. हे सगळं तिने बोलून रेकॉर्ड करून पाठवलंय. टाइप करायचा तिला कंटाळा. बसमधून आणखी एक आलं: "काकू, आणि प्लीज, कुणी काहीही सांगितलं तरी ते बुडबुड्यांचं मशीन नको हं. आपल्या टाकीला नाही चालत. बाय, लव्ह यू."

मी तिची काकू नाही. शेवटच्या दोन शब्दांना काय उत्तर द्यायचं असतं ते माहीत नाही, म्हणून दिलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

विशेष काही नाही. दुपारी पुस्तक घेऊन तिच्या खोलीत बसते. तिथला पंखा बरा आहे.

सृष्टीचा आवाज आला नाही. लिहिलेला निरोप आला: "आई बरी आहे. उशीर होईल." टाइप करायला शिकली म्हणायची. वाचायला सोपं पडतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

टाकीतला पंप बंद पडला. याला वेव्हमेकर म्हणतात. काचेला आतून चिकटवलेला छोटा पंखाच तो, पाणी फिरतं ठेवतो. सकाळी पाहिलं तर पाणी डबक्यासारखं उभं, वर साय धरल्यासारखा तवंग. टाळ्यावाल्यांच्या टाळ्या बंद. बटण बंद-चालू केलं, काढून ब्रशने घासून पाहिलं, नुसता गुरगुरतो. आतला चुंबक तडकला आहे.

प्रवाळाला पाय नाहीत. खाणं आणायचं आणि घाण न्यायची ती प्रवाहाने. हेही सृष्टीचंच. मी ऐकत नसे असं मला वाटत होतं. बरंच डोक्यात राहिलेलं दिसतं.

तिला फोन केला. उचलला नाही. निरोप टाकला. संध्याकाळी उत्तर: "दुकानातून नवीन आणा." कुठला, केवढा, काही नाही. ही तीच मुलगी, जिने टाकीतला दगड दोन बोटं सरकवण्यावर मला अर्धा तास ऐकवलं होतं. आईच्या आजारपणात असेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

इथे बिबवेवाडीतच मत्स्यालयाचं दुकान आहे. मालक संतोष. तोंडात सुपारी.

"पंप हवाय." मी म्हटलं.

"किती लिटरची टाकी?"

"मोजली नाही."

"मग पंप कसा देऊ? चपलेच्या दुकानात पायाचं माप न घेता जाता का, ताई?"

परत आले, पट्टीने टाकी मोजली. दगड-वाळू वजा जाता ऐंशी लिटर पाणी. परत गेले. त्याने खोक्यावरचा आकडा दाखवला, तासाला सहा हजार लिटर. "मोठाच घ्या. समुद्र आहे म्हटल्यावर लाटा पाहिजेत." मला पटलं. समुद्राबद्दलची माझी माहिती अलिबागला एकदा गेले होते तेवढीच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पंप लावला. समुद्र झाला खरा, पण वादळातला. वाळू एका कोपऱ्यात ढीग होऊन बसली, दुसऱ्या कोपऱ्यात काच उघडी पडली. दोन्ही मासे दगडामागे. छत्री प्रवाहाच्या झोताखाली आडवी झाली, उलटणार असं वाटलं. मी बटण बंद केलं.

सृष्टीला लिहिलं: "मोठ्या पंपाने छत्री वाकली आहे. कुठे ठेवू?"

उत्तर: "छत्री माळ्यावर ठेवा. सध्या पाऊस नाही."

विनोद असेल. मला कळला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संतोषने पंप परत घेतला, कुरकुर करून. त्याच्याकडे लहान पंप सोमवारी येणार. "तोवर हवेचा पंप लावा. बुडबुडे आले की पाणी हलतं. मासे तरी जगतील."

मी म्हटलं, टाकीच्या मालकिणीला ते आवडत नाही. "मग मालकिणीला विचारा." विचारलं. उत्तर पाच मिनिटांत: "हो चालेल. बुडबुडेवालं लावा."

मला नवल वाटलं. पण टाकी तिची. लावलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

बुडबुडे फुटून खारे तुषार उडाले आणि काचेच्या झाकणावर, दिव्यावर, माझ्या पडद्यावर मिठाचा पांढरा थर बसला. प्रवाळं सगळी मिटलेली. ते मशीन मी काढून टाकलं आणि वाटीने पाणी ढवळत बसले. दर थोड्या वेळाने वाटी बुडवायची, वरून हळू ओतायची. हे काम वेडगळ आहे. दिवसभर केलं.

मालकिणीच्या सांगण्याविरुद्ध वागले याची टोचणी आहे. पण छत्री संध्याकाळी थोडी उभी राहिली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सृष्टीच्या ऑफिसातली ऋतुजा आली. मगरपट्ट्याहून येताना वाहतुकीत अडकली, त्यामुळे आधी पाणी प्यायली आणि मग एकदम म्हणाली, "काकू, सृष्टी ठीक आहे ना?"

शुक्रवारी ऑफिसला सृष्टीच्या पत्त्यावरून राजीनाम्याचा मेल गेला आहे. दोन ओळींचा. एप्रिलमध्ये तिची बढती होती, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला तर नियमित निरोप येतात, आणि फोन तिच्यापुढे धरला.

ती वाचत गेली. छत्रीशी थांबली. मग टाकीकडे पाहिलं.

"काकू, ही छत्री ना?" बोट टाकीकडे.

"हो."

"मग हे सृष्टीने नाही लिहिलेलं."

मी बत्तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. बदललेलं अक्षर, खोटी सही, मेलेल्या माणसाचा अंगठा, सगळं ओळखत असे. हे माझ्या नजरेसमोरून गेलं आणि मी त्याला विनोद म्हटलं.

ऋतुजा बसलेली असतानाच फोन लावला. चौथ्यांदा उचलला. पुरुषाचा आवाज. भाऊ, वैजनाथ.

"सृष्टीला द्या."

"ती बायकांमध्ये आहे, मॅडम."

"आईंची तब्येत कशी आहे?"

"चांगली आहे. त्यांना काय झालंय?" मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे आता चांगली आहे. ऐका न, सव्वीस तारखेला सृष्टीचा साखरपुडा आहे. तुम्ही रूम दुसऱ्या कोणाला देऊन टाका. सामान आम्ही घेऊन जाऊ."

"तिच्या तोंडून ऐकते आणि देते."

त्याने फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ऋतुजा म्हणते पोलिसांत जाऊ. मी सकाळपासून विचार करते आहे. मुलगी सव्वीस वर्षांची आहे. कदाचित तिला हे लग्न हवंही असेल. मी कोण? भाडं घेणारी बाई. पण हवं असतं तर फोन तिच्या हातात असता.

पोलीस दारात गेले आणि तिने घाबरून "सगळं ठीक आहे" म्हटलं, तर पुढे विचारायला कुणी जाणार नाही. तो मार्ग शेवटचा ठेवला आहे. ऋतुजाला म्हटलं, ऑफिसात सांग, राजीनामा मंजूर करू नका, ती स्वतः येऊन बोलेल.

दुपारी संतोषकडे गेले. या वेळी त्याला बोलू दिलं नाही. दोन दिवस वाचून आणि सृष्टीची जुनी रेकॉर्डिंगं ऐकून मला एवढं कळलं आहे: मऊ प्रवाळांना टाकीतलं पाणी तासाला पंधरा वेळा फिरलं की पुरतं. झोत बारीक आणि जोराचा नको. रुंद, पसरट हवा. कमी-जास्त करता आला पाहिजे. आणि तो प्रवाळावर धरायचा नाही, समोरच्या काचेवर धरायचा, म्हणजे काचेला आपटून सगळीकडे सावकाश पोचतो. मोठा पंप पाणी तापवतो, तेही एक.

संतोषने सुपारी थुंकली. "परवा तर पट्टी शोधत होतात."

"परवाचं परवा. असा आहे का?"

होता. रुंद तोंडाचा, जोर कमी-जास्त करायची चकती असलेला. लावला. टाळ्यावाले अजून मिटलेलेच आहेत. उशीर झाला असेल तर झाला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज मी खोटं बोलले. ठरवून.

खोली देताना घेतलेला तिच्या वडिलांचा नंबर होता. बापूराव. रिसोडला शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. त्यांना फोन केला आणि सांगितलं की तुमच्या मुलीची टाकी गळते आहे, खारं पाणी फरशीखालून खालच्या घराच्या छतात उतरलंय आणि सोसायटीने मला नोटीस दिली आहे.

ते म्हणाले, "फेकून द्या मॅडम ती टाकी. मी लिहून देतो."

"जिवंत प्राणी आहेत. असे फेकता येत नाहीत. आणि तिच्याशिवाय कुणाला हलवता येत नाहीत. तिने स्वतः येऊन काय ते करावं. नाही आली तर मला पोलिसांत लेखी तक्रार करावी लागेल. तिच्या नावाने."

पलीकडे त्यांनी दुकानातल्या कुणाला तरी बाहेर जायला सांगितलं.

"नाव नका येऊ देऊ मॅडम. घरात कार्य आहे."

"मग पाठवा."

"मी घेऊन येतो."

पाणी झिरपल्याचे दावे मी आयुष्यभर नाकारले. कुठे काय विचारतात ते माहीत असल्यामुळे माझा दावा बरा उतरला. फोन ठेवल्यावर चहा घेतला.

यात माझा हेतू एवढाच की ज्याची वस्तू त्याने सांभाळावी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

टाळ्यावाल्यांतल्या एकाने मूठ उघडली. बाकीचे नाहीत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आले दोघं. बापूराव उंच, वाकलेले, पांढरा सदरा प्रवासाने चुरगळलेला. सृष्टी बारीक झाली आहे. हातात मेंदीचा फिका रंग, फोन नाही. मला नमस्कार केला, "काकू" म्हणाली आणि सरळ टाकीपाशी गेली.

तिने बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि पंपाचं तोंड किंचित वरच्या बाजूला वळवलं. पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक सुरकुती उठली. तेवढंच राहिलं होतं. हे मी कुठे वाचलं नव्हतं.

"हा कुणी निवडला?" तिने विचारलं.

"मी."

"बरोबर आहे." मग चेहरा दुसरीकडे केला.

बापूराव टाकीच्या टेबलाजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी फरशीवर तळवा ठेवला. टेबलाखाली हात घातला, भिंतीच्या कडेने फिरवला. जिथे गळती असती तिथे सगळीकडे. फरशी कोरडी ठणठणीत होती. त्यांनी तळहात उलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही; नोकरीत ती सवय होती. ते उठून खुर्चीवर बसले.

मी पोहे करायला आत गेले. आमच्या भिंती पातळ आहेत.

"हे झाड कोणतं?" बापूरावांचा आवाज.

"झाड नाही बाबा. प्राणी आहे."

"अन् हे सारं तू एकटीनं केलं?"

"हो. वाळूपासून."

"आम्हाले कधी बोल्ली नाई."

"तुम्ही कधी विचारलं?"

कांदा चिरून झाला होता तरी मी सुरी खाली ठेवली नाही.

"आई आजारी नव्हतीच, बाबा."

"नव्हती."

"माझा फोन वैजूनं काढून घेतला. राजीनामा त्यानं लिहिला. तुम्हाला माहीत होतं."

"पोरगं चांगलं हाय, सृष्टी. घर चांगलं हाय. मी सोता पाह्यलं."

"असेल. मला विचारलं का कुणी?"

"तुले विचारलं असतं तर तू आलीच नसती."

"मग उत्तर तेच होतं ना, बाबा."

मी पोहे परतले. मीठ दोनदा पडलं असावं. कुणी तक्रार केली नाही.

खाऊन झाल्यावर बापूरावांनी विचारलं, "हे घेऊन जायचं तर कसं न्यायचं?" सृष्टी म्हणाली, बसमधून नेता येत नाही. पाणी तसंच्या तसं न्यावं लागेल, दगड ओले ठेवावे लागतील, आणि रिसोडच्या भारनियमनात पंप बंद पडला तर दोन दिवसांत सगळं मरेल. ती हे कोरडेपणाने सांगत होती.

बापूरावांनी टाकीकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशातून तिचा फोन काढून टेबलावर ठेवला.

"मग राहू दे," म्हणाले.

टाकीला उद्देशून की मुलीला, मी विचारलं नाही. सृष्टीनेही नाही. तिने फोन उचलला नाही, वडिलांचा हात धरला. तेव्हा मी पाणी आणायला गेले. पाण्याचे पेले टेबलावर होतेच.

संध्याकाळच्या गाडीने ते एकटे परत गेले. दारात म्हणाले, "वैजनाथले मी पाहतो. त्याचं एकट्याचं चुकलं नाई. मीच म्हटलं होतं." आणि चपला घालताना खाली बघत, "तुमची फरशी चांगली हाय मॅडम."

"हो," मी म्हटलं. "जुनी आहे. टिकली आहे."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सृष्टी सोमवारपासून कामावर जाते. ऋतुजाने राजीनामा थोपवून धरला होता. सृष्टीने समोर बसून मागे घेतला. आज काय तारीख आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं. कुणी विषय काढला नाही. तिने आईला फोन केला, आई रडत होती, आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. फोन ठेवल्यावर सृष्टी म्हणाली, "आई म्हणते, लोक काय काय बोलतायत." मी म्हटलं, बोलणाऱ्यांना जेवायला घालायचा खर्च तरी वाचला. ती हसली, आणि मग रडली. दोन्ही एकदम कसं जमतं कोण जाणे.

पुढे काय करणार, हे तिने ठरवलेलं नाही. लग्न नकोच असं नाही, म्हणते. त्या मुलाशी ती एकदाही एकटी बोललेली नाही. तो वाईट आहे की चांगला, तिला सांगता येत नाही. मी सल्ला दिला नाही. माझा या विषयातला अनुभव शून्य आहे, आणि शून्य अनुभवाचे सल्ले तिला भरपूर मिळताहेत.

टाळ्यावाल्यांपैकी दोन गेले. बाकीचे उघडतात, मिटतात.

८ मार्च, रविवार

बापूरावांचा फोन. मला, तिला नाही.

आधी प्रकृती विचारली. मग पुण्यात ऊन कसं आहे ते. मग रिसोडचं ऊन. मी वाट पाहिली.

"मॅडम, पोराकडचे लोक विचारू राहिले. पोरगी काहून येत नाई म्हणून. तिनं नाई म्हटलं म्हणून सांगितलं तर तिचंच नाव खराब होते."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, पुण्यात ज्या बाईकडे राहते न, त्या बाईचं तिच्यावाचून काम अडलं. त्या सोडायले तयार नाईत. वर्षभर तरी नाई सोडत म्हन्तात." आणि मग, "तुमाले कोणाचा फोन आला तर..."

"तर?"

"तर तसंच सांगा."

सृष्टी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चादर पिळताना कोणतं तरी हिंदी गाणं म्हणत होती, सुराशी फारसा संबंध न ठेवता.

"सांगेन," मी म्हटलं.

माझं कुणावाचून काही अडत नाही, हे मी सगळ्या नातेवाइकांना आणि सोसायटीला वर्षानुवर्षं ऐकवत आले आहे. आता तिकडच्या लोकांना उलटं सांगायचं. बोलून पाहिलं दोन-तीनदा, आरशासमोर. पहिल्यांदा अवघड गेलं. मग तितकं नाही.